रुईवरचा शालूवाला

विमलबाईंच्या बोटांवरचे रुईच्या चिकाचे डाग कशानंच निघत नसत. उमरग्याजवळच्या त्यांच्या गावात शनिवारी मारुतीला चढणारे रुईच्या पानांचे हार बावीस वर्षं त्यांच्याच हातचे. शुक्रवारी कल्याणप्पांच्या शेताच्या बांधावर जायचं, आणि तोडण्याआधी प्रत्येक पानावर फुंकर मारायची. आडोशाला बसलेला जीव टुणकन उडून जायचा. देवाच्या हारात मेलेला किडा गेलेला त्यांना खपत नसे.

त्या किड्याला त्या शालूवाला म्हणत. वरून मातकट घोंगडं, आणि उडताना पोट दिसलं की लालकेशरी शालू!

यंदा तो कल्याणप्पांच्या नजरेस पडला आणि त्यांचं डोकंच फिरलं. शेजारी सोयाबीन गुडघ्याला लागलेलं. "तुडतुडा हाय ह्यो! उद्या पिकावर उतरंल. शुक्रवारी फवारतो, मंग जेसीबीनं रुईच उपटतो."

रस्ता रुंद झाला तेव्हा बाकीची रुई गेली होती. आता गावात उरला होता तो एवढाच बांध. विमलबाई तडक शाळेतल्या मिनाज मॅडमकडं गेल्या. मॅडमना किड्यांचं वेड. त्यांनी याचा फोटो आधीच पुण्याच्या एका अभ्यासकांना धाडला होता, पण ओळख पटत नव्हती.

"मावशी, मिशा बघा किती लांब!"

फोटो बघून विमलबाईंना हसू आवरेना. "मॅडम, मिशा न्हाईत त्या, शेपट्या हाईत. पिल्लू हाय ते. भिलं की मागं मागं सरतंय. तुमी बुडाला तोंड समजलाव!"

विज्ञानाच्या मॅडम स्वतःवरच खो खो हसल्या. मग फोटो सुलटा करून, विमलबाईंनी सांगितलेलं सगळं लिहून त्यांनी पुन्हा धाडला. गुरुवारी उत्तर आलं: रुईसारख्या रानझाडांवरचा तुडतुडा, सोयाबीनला भिण्याचं कारण नाही.

मॅडमनी ते मोबाईलवर दाखवलं, पण कल्याणप्पा म्हणजे हट्टाचं गाठोडं. शुक्रवारी पाठीवर पंप भरून ते बांधावर हजर. "मोबाईल काय बी सांगतंय!"

"मोबाईल ऱ्हाऊ द्या, आप्पा. एक फुंकर मारा," विमलबाई म्हणाल्या. त्या रुईसमोरून हलल्या नाहीत. "बावीस वर्षं उडवतेय म्या त्याला. सोयाबीनवर बसला, तर खुशाल फवारा."

आप्पांनी वाकून फूं केलं. शालूवाला उडाला, सोयाबीनच्या शेंड्यांवरून गेला आणि पुढच्या रुईवर जाऊन बसला. आप्पांनी दुसऱ्याला उडवलं, तिसऱ्याला उडवलं. सोयाबीन हातभर अंतरावर असून एकानंही त्यावर पाय टेकला नाही. तासाभरानं आप्पांचे गाल दुखायला लागले, तेव्हा कुठं त्यांनी पंप खाली ठेवला.

विमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आता रडताव कशाला?" आप्पा खेकसले आणि त्यांनी पुढचं पान हातात धरलं. "उद्याचा पहिला हार माझा. ह्या पानावर फुंकर मारलीय म्या, तोडा."