सामाईक आणि ज्याचे त्याचे

सृष्टी रचण्यापूर्वी ब्रह्मदेवाने माझ्या भाच्याचा सल्ला घेतला असता, तर जगातील निम्मी भांडणे उद्भवलीच नसती, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे. हा गृहस्थ जव्हारला आमच्या घरी राहून वेबसाइटी घडवतो. त्याचा धर्म एवढाच : जे सर्वांचे ते सामाईक फाईलमध्ये, जे आपल्यापुरते ते स्वतःच्या फाईलमध्ये, आणि या दुसरीने आपल्या संगणकाचा उंबरठा ओलांडायचा नाही. हे आचरण त्याने संगणकापुरते ठेवले असते तर बरे होते. घरच्या आमटीतून त्याने मीठ वगळले. "मामी, आमटी सामाईक, मीठ ज्याचं त्याचं!" सौभाग्यवतीने आठ दिवस सोसले, नवव्या दिवशी त्याच्या हाती पळी दिली. "आजपासून स्वयंपाकही ज्याचा त्याचा." दाभोशाला जाणाऱ्या जीपमध्ये मोठ्याने गाणी लागली, तेव्हा त्याने "गाणी ज्याची त्याच्या कानात" असा सिद्धांत मांडला. चालक म्हणाला, "दादा, रस्ता सामाईक हाय, जीप माझी हाय. बसतोस का उतरतोस?" तो बसला, मत बदलले नाही.

अशा कर्मठाचा तोल एका सकाळी गेला. साखरशेतच्या बायकांच्या नाचणी-पापडांची वेबसाइट त्याने मोखाड्याच्या एका सहकारी मुलीसह रचली होती. ती अकरा वाजता पंचायत समितीत, त्या मुलीच्या लॅपटॉपवर दाखवायची होती. पसंत पडली तरच बायकांना विक्रीची जागा मिळणार होती. दहाला फोन आला. "दादा, काहीच उघडत नाही! सामाईक फाईलमध्ये तुझ्याच संगणकातल्या फोल्डरचा पत्ता आहे. तो मोखाड्यात कुठे शोधू? बायका नव्या साड्या नेसून बसल्यात इथे!"

भाचा भिंतीला टेकला. "मामा, मीच धर्म बुडवला."

तेव्हा आजवर कोणापाशी न उच्चारलेले मी बोललो. पूजेच्या संकल्पात मंत्र सर्वांचा एक. गोत्र व नाव मात्र ज्याचे त्याचे. आळीतील घरांना पूजेच्या पोथ्या मीच लिहून दिल्या होत्या. गोत्राची जागा मोकळी सोडायची राहिली. तीन गणेशचतुर्थ्या मास्तर, कारकून, सगळी आळी माझ्याच गोत्राने संकल्प सोडत होती!

तो डोळे पुसून पुसून हसला. मग त्याने सामाईक फाईलमधला तो पत्ता काढून टाकला आणि मुलीला तिचा पत्ता तिच्या फाईलमध्ये लिहायला सांगितला. थोड्याच वेळात फोनमधून गलका आला, "उघडलं गं बाय, उघडलं! आपलं पापड दिसतंय!"

फोन ठेवून तो म्हणाला, "मामा, मग देवाने ती सगळी माणसं तुमच्याच घरची धरली असतील का हो?"

सौभाग्यवतीला व मला मूलबाळ नाही. त्या आठवड्यात पोथ्या दुरुस्त करायला बसलो. एकेका पोथीतले ते गोत्र खोडताना, का कोण जाणे, लेखणी थोडी रेंगाळली.