पंखाखालची नळी

आधी शपथ घेतो, म्हणजे मागनं वाद नको. हातातल्या या चहाची शपथ, आता सांगतोय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या तोंडातून खोटं येत नाही, कंग्राळीत कुणालाही विचारा. म्हणजे कुणालाही विचारू नका, आमच्या घरात तर नकोच. एखाद्या ठिकाणी हात फिरवलाय मी थोडा, तो ओघात. पण त्यात माझी जी शोभा झाली, ती अगदी नगद खरी.

कंग्राळीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जवळच सांबऱ्याला विमानतळ, त्यामुळं अधनंमधनं एखादं छोटं विमान डोक्यावरनं गुरगुरत जातं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. माणूस मोबाईलवर काय बघणार? कुणी क्रिकेट बघतो, कुणी भजन ऐकतो. मला नाद लागला अपघातांचा. छोटी खासगी विमानं का पडतात, याचे चौकशी अहवाल. एक वाचला, दुसरा वाचला, सहा महिन्यांत मी तज्ज्ञ झालो. इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं निम्मं मी घालायचो.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर व्याख्यान. हातात खारी. खारी म्हणजे विमान.

"यंत्र बिघडायच्या आधी माणूस बिघडतो," मी सुरू करायचो. "टाकीत तेल किती, ते डोळ्यानं बघत न्हाय, काट्यावर विश्वास ठेवतो आणि उडतो." असं म्हणून खारी चहात सोडायची. पुढची खारी घ्यायची. "समोर काळेकुट्ट ढग दिसत असत्यात, तरी घरी जेवायला पोचायचंय म्हणून आत शिरतो. चार माणसांच्या विमानात चार माणसं आणि वर आंब्याच्या पेट्या भरतो. आणि उडायच्या आधीची तपासणी. ती झाली की कुणीतरी हाक मारतं, पायलट मान वळवतो, तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं."

सगळ्यात रंगायची ती कुंभारमाशी. विमानाला वाऱ्याचा वेग मोजायची एक नळी असते. तीत ही माशी मातीचं घर करते. एवढीशी माशी, पण काटा शून्यावर. आपण किती जोरात चाललोय, हेच पायलटला कळत नाही. लोक चहा थंड करून ऐकायचे.

ती नळी दिसते कशी, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोअरच्या पाइपाएवढी आहे म्हणून सांगितलं असतं.

आता बाळ्या. बाळ्या माझा वर्गमित्र. उद्यमबागेत त्याची फौंड्री आहे, लोखंड ओतायचा कारखाना, त्यामुळं लोक त्याला बाळासाहेब म्हणतात, मी बाळ्याच म्हणतो. त्यानं चार जणांचं एक छोटं विमान घेतलं ते एकाच कारणासाठी. त्याची पोरगी प्राजू विमान चालवायला शिकून, लायसन्स घेऊन घरी आलती. त्या आनंदात घरी सत्यनारायण घातला. पंगतीत कुणीतरी मला टोचलं, "आप्पा, ही छोटी विमानं लई पडत्यात म्हणं?"

असं विचारल्यावर मी काय वरणभात कालवत बसू? पापडाचं विमान केलं. डावा पंख मोडला, उजवा मोडला, शेपूट आमटीत. बाळ्याची बायको, म्हणजे आमच्या निपाणीच्या वैनी, जिलेबी वाढत आल्या आणि ताट हातात धरून तिथंच थांबल्या. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मला वाटलं, काय रंगलंय आपलं व्याख्यान.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्या दुकानात हजर. मागं प्राजू.

"आप्पा, काय करून ठेवलंस रं हे?"

"काय केलं?"

"हिच्या आईनं डोळ्याला डोळा लावला न्हाय. विमान विका म्हणती. पोरीनं परत विमानाचं नाव काढायचं न्हाय म्हणती. तिचं लायसन्स कपाटात टाकून कुलूप लावलंय, आणि किल्ली कमरेला."

"मी खरं तेच सांगितलं की."

"पापड तुला खायला दिलता, पाडायला न्हाय."

प्राजू रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, आईनं एक अट घातलीय. ती म्हणती, भावोजींना एवढं कळतंय तर त्यांनीच आधी बसून यावं. ते म्हणले पोरगी नीट चालवती, तर कपाटाची किल्ली माझ्या हातात. न्हायतर विषय संपला."

झाली का पंचाईत? जगातल्या सगळ्या अपघातांचा अभ्यास केलेला माणूस विमानात बसायला तयार होतो का कधी? आणि मी तोवर विमानात बसलोच नव्हतो. म्हणजे बसलो होतो, पण जत्रेत, पुठ्ठ्याच्या, फोटोपुरता. पण ती पोरगी अशी बघत होती की तोंडातून नाही निघेना. तिनं एवढी वर्षं घासून मिळवलेलं सगळं माझ्या एका 'व्हय'वर येऊन अडकलेलं.

"येतो," मी म्हणालो. "पण घरात नवी गाडी आलीय. पूजा केल्याबिगर मी बसणार न्हाय."

रविवारी सकाळी आम्ही सगळे सांबऱ्याला गेलो, बाळ्यासुद्धा. वैनींनी तेवढ्या दिवसापुरतं लायसन्स बाहेर काढलं होतं. माझ्या पिशवीत नारळ, लिंबं, हळदकुंकू, फुलं, दोन केळी आणि उदबत्तीचा पुडा. गेटवर काडेपेटी काढून घेतली. आत गेल्यावर प्राजूनं नारळ काढून घेतला.

"काका, हितं नारळ फोडायचा न्हाय. करवंटीचा बारका तुकडा उडून पुढच्या फिरत्या पंख्यावर बसला तर पंखा जातो."

"ते म्हाईत हाय मला," मी म्हणालो. माहीत नव्हतं.

लिंबं चालतील म्हणाली. मोटारीच्या हिशेबानं चार नेलेली, चाकं तीनच निघाली.

मग ती हातात कागद घेऊन विमानाभोवती फिरली. टाकीत कांडी बुडवून तेल बघितलं. खालनं थोडं तेल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी उतरलंय का ते उजेडात धरून बघितलं. चाकं बघितली, पंखाच्या कडा हलवून बघितल्या, पंखाखाली वाकून बघितलं, आणि एकेका ओळीवर खूण करत गेली. मी मागनं हूं हूं करत होतो, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. वैनी शेडच्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या. त्यांच्या शेजारी विमान दुरुस्तीचे इंजिनिअर, चिक्कोडीकडचे, कमी बोलणारे, आणि बोललेच तर कानडीत.

प्राजूनं शेवटची खूण केली. "झालं काका. बसा."

"दोन मिनिटं," मी म्हणालो. "पूजा ऱ्हायलीय."

ऐकताय ना? तपासणी झाली की कुणीतरी हाक मारतं. मीच शिकवलेलं, मीच केलं. ती बापाला पट्टा बांधून द्यायला आत शिरली आणि बाहेर विमान आणि मी.

कुंकू लावलं. फूल वाहिलं. राहिली उदबत्ती. काडेपेटी नाही, तर न पेटवता टोचू, देव घेतो समजून. पण टोचायची कुठं? खाली सिमेंट, वर पत्रा. आणि डाव्या पंखाखाली बघतो तर बोटाएवढी एक नळी, तोंड पुढं, तोंडाला बारकं भोक. मनात म्हटलं, किती विचार करून बनवलंय बघा, विमानाला उदबत्तीचं घरसुद्धा दिलंय.

टोचली. ती सैल बसली, लगेच मान टाकली. आता उदबत्ती मान टाकायला लागली की आपल्यात काय करतात? केळ. केळाचा तुकडा मोडला, भोकात अंगठ्यानं गच्च दाबला आणि त्यात उदबत्ती खोचली. ताठ उभी राहिली. म्हणजे आडवी राहिली, पण ताठ.

"काका, चला की," आतनं हाक आली. गडबडीनं वळलो, खांदा लागला, उदबत्ती कटकन मोडली. निम्मी खाली, निम्मी आत. पूजेतली मोडलेली उदबत्ती कोण दाखवतंय कुणाला? पायानं बाजूला सारली, मिशीवरनं हात फिरवला आणि चढलो.

मी पुढं प्राजूच्या शेजारी, बाळ्या मागं. धावपट्टीच्या टोकाला जाऊन तिनं रेडिओवर परवानगी मागितली, गिरणीत दळणाचा नंबर विचारावा इतक्या साध्या आवाजात. पंखा गरजला. विमान पळायला लागलं. काय सांगू, ताशी पाचशेनं पळत होतो आम्ही. बरं, पाचशे नसेल. मोटारसायकलीएवढं असेल. पण मोटारसायकलीला डोळे मिटून बसत नाही मी.

एक डोळा उघडून बघितलं. प्राजूची नजर समोरच्या एका काट्यावर. काटा शून्यावर झोपलेला. ती ओरडली नाही. बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडं तर नाहीच. इंजिनाचा दांडा मागं ओढला, इंजिन मऊ पडलं, ब्रेक लागला आणि विमान पट्टीच्या मधोमध, सरळ रेषेत थांबलं. पुढं केवढी तरी पट्टी शिल्लक.

"काय झालं गं?" मागनं बाळ्या.

"वेगाचा काटा उठला न्हाय, पप्पा. परत जाऊया."

रेडिओवर तसं कळवलं आणि विमान वळवून शेडकडं निघाली.

"नळीत काय तरी अडकलंय," मी अधिकारानं म्हणालो. "कुंभारमाशी असणार. लई अहवाल वाचल्यात मी."

"मला बी नळीचीच शंका हाय काका. पण मी बघितलं तवा साफ होती."

"कुठली नळी?"

"ती न्हाय का, डाव्या पंखाखालची. बोटाएवढी."

मी उजवा अंगठा हळूच मुठीत लपवला.

शेडपाशी इंजिनिअर पंखाखाली वाकले. बारका चिमटा आत घातला आणि ओढला. आधी केळ आलं, मग काडी.

"एनिदु?" म्हणजे कानडीत, हे काय. नाकाला लावून हुंगलं आणि मराठीत म्हणाले, "मोगरा."

वैनी दारातनं पुढं आल्या. मी छाती काढून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "वैनी, उदबत्ती माझी, केळ माझं, चूक माझी. पोरीकडं बोट दाखवू नका."

वैनींनी केळाकडं बघितलं, मग पोरीकडं. "तुला कळलं कसं गं?"

"आई, पळायला लागलं की पहिल्यांदा तो काटा बघायचा असतो. हलला न्हाय तर थांबायचं. खाली हाय तवर थांबता येतं."

"आणि ह्या भावोजींनी म्हणलं असतं, जाऊ दे पुढं, मग?"

"तरी थांबले असते."

वैनींनी कमरेची किल्ली सोडली आणि पोरीच्या हातात ठेवली. मग माझ्याकडं वळल्या.

"भावोजी, तुम्ही पंगतीत म्हणालाता, विमान पडतंय ते माणसामुळं. पटलं मला. पर तो माणूस माझी पोरगी न्हवं."

इंजिनिअरांनी नळी धुतली, सगळं तपासलं, सही केली, आणि पुढच्या रविवारी विमान उडालं. माझ्या जागेवर वैनी. निपाणीवरनं फेरी मारून, माहेरचं घर वरनं बघून उतरल्या आणि पहिलं वाक्य काय? "एवढ्यात कशाला खाली आणलंस गं?"

आणि माझं म्हणाल, तर कंग्राळीत माझा भाव वाढलाय. विमान विकायचं राहिलं कुणामुळं? पोरीची परीक्षा घेतली कुणी? एवढंच नाही. प्राजूच्या तपासणीच्या छापील कागदावर आता शेवटी हातानं लिहिलेली एक ओळ आहे: 'आप्पाकाका कुठं आहेत ते बघणे.' विमानाच्या कागदावर नाव असलेला तुमच्या ओळखीत दुसरा कोण आहे, सांगा.

आता शपथ घेतलीय म्हणून एक कबूल करतो. 'उदबत्ती माझी, केळ माझं' हे छाती काढून बोललेलं वाक्य, तेवढं मी घातलंय. खरं घडलं ते असं. केळ बाहेर आल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मी चष्मा पुसत गंभीरपणे म्हणालो, "मी काय म्हणत होतो? हल्ली ह्या माश्या केळसुद्धा घालायला लागल्यात."

वैनींनी माझा उजवा हात धरून वर केला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. केळ अजून वाळलेलं नव्हतं.