दगड उसळला

तालमीतल्या गड्यांनो, हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आज दुपारी इंदूरच्या कामावर भाकरी खाताना कावळे लय त्रास देत होते, म्हणून मी गोफण काढली. आपल्या कोरेगावच्या शिवारात दगड मातीत पडतो आन् गप बसतो. हितं समोर सिमेंटची भिंत. दगड तिच्यावर आपटून उसळला आन् हसनचाचांच्या डोळ्याला लागला.

चाचा म्हंजे आपल्याच पेठेतले गवंडी. मला कामाला त्यांनीच लावलं.

सांगलीचा मुकादम धावत आला. "कुणी मारला रं?"

चाचा डोळा दाबून म्हणाले, "कुणी न्हाई मारला. उसळला."

मी पण म्हणालो, "व्हय, उसळला."

तवापास्नं सगळी तेच म्हणत्यात. जसा काय दगड आपल्या मनानंच उठला! डॉक्टर म्हणतोय, नजर ऱ्हाईल का ते पट्टी सोडल्यावर कळंल. एका डोळ्यानं चाचा भिंत सरळ हाय का बघायला ओळंबा कसा धरतील?

माझी नोकरी वाचावी म्हणून ते खोटं बोलले, आन् मी बोलू दिलं.

हे लिहून झालं की मुकादमाकडं जातो. पण चाचांच्या घरी, दगड मी मारला, हे सांगायला तुमच्यातलं कोण जाईल?