टॉवेलाखाली दोन्ही हात माझेच

मी पैसे खाल्ले असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. बाईंनीही म्हटलं नाही. तरी भर ग्रामसभेत त्यांनी मला जे करायला लावलं, ते दीड वर्ष माझ्या घशाखाली उतरलं नाही.

मी म्हशींचा व्यापारी. सातवीला शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या म्हशी हाकत घोडेगावच्या बाजारात शिरलो. टॉवेलाखालचा सौदा तिथंच शिकलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आकडा बोटांनी बोलतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. एक म्हणजे हजार की दहा हजार, ते जनावराकडं बघून दोघांनाही कळतं. तोंडानं नुसती जनावराची निंदा चालते. आत ठरलेला आकडा बाहेर सांगायचा नाही, हा नियम. त्या टॉवेलाखाली मी घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली आणि पन्नाशीला गावाचा सरपंच झालो. बापजाद्यांनी काही ठेवलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी तालुक्याच्या बाजार समितीची निवडणूक लागली. ग्रामपंचायतींसाठी राखीव असलेल्या जागेवर उभा राहिलो आणि तिथं संचालकही झालो. वकिलाला विचारून घेतलं होतं, कायद्याची आडकाठी नव्हती. पेढे घेऊन बाईंकडं गेलो.

बाई म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. चर्चच्या मागं दोन खोल्यांत एकट्या राहतात. लग्न केलं नाही. गावातल्या बापांना त्यांनी शिकवलं आणि त्यांच्या पोरांनाही. मी शाळा सोडली तेव्हा आमच्या दारात येऊन माझ्या बापाशी भांडलेलं माणूस गावात एकच, त्या. माझ्या दावणीला स्वतःची पहिली म्हैस आली, त्या दिवसापासून रोज सकाळी किटलीभर दूध त्यांच्याकडं जातं. पैसे देऊ नका म्हटलं, तर किटली रिकामी परत येत नाही. त्यांच्या दारातल्या झाडाची दोनचार लिंबं त्यात असतात.

पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "दोन खुर्च्यांवर एकदम कसा बसणार रे?"

मी म्हटलं, "बाई, माझं ढुंगण मोठं हाय."

त्या खूप हसल्या. मला वाटलं, विषय तिथंच संपला.

आमच्या गावी मंगळवारी गुरांचा लहानसा बाजार भरतो. तो समितीचा. त्या दिवशी टेम्पो आणि पिकअप रस्त्यावर उभ्या राहतात, एसटी अडते, शिव्यागाळी होते. समितीला गाड्यांसाठी जागा हवी होती आणि बाजारतळाला लागून एकच सपाट जागा होती, शाळेशेजारचं मैदान. ते ग्रामपंचायतीचं. समितीच्या बैठकीत ते मैदान मीच सुचवलं. समितीचा अर्ज मीच आपल्या हातानं गावी आणला आणि ग्रामपंचायतीत मीच तो घेतला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शिक्का मारता मारता म्हटलं, "सरपंच, आवक पण तुमची आन जावक पण तुमचीच. आमाला काय काम ठेवलं न्हाई." मी त्यांना चहा पाजला.

माझ्या मनात तेव्हा खोट नव्हती, आजही म्हणतो. मैदान बारा वर्षांसाठी समितीला द्यायचं. त्यावर काँक्रीट होईल, जनावरांना पाण्याचा हौद होईल, आणि बदल्यात समिती शाळेला कंपाउंडची भिंत बांधून देईल. दोन्हीकडची ताणाताण मी डोक्यातल्या डोक्यात उरकली होती. समिती कुठवर येईल ते मला ठाऊक, गाव कुठवर सोडेल तेही ठाऊक. मधली जागा धरून मी ठराव लिहायला सांगितला. असा बिनभांडणाचा सौदा मी आयुष्यात केला नव्हता आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव वाचून झाला. कुणी काही बोलेना. मी पुढच्या विषयाकडं वळणार तोच बायकांच्या बाजूनं बाई उठल्या. त्यांना तेव्हा मोतीबिंदू होता. काठी टेकत टेबलापर्यंत आल्या आणि मला नावानं हाक मारली. सरपंच म्हणाल्या नाहीत.

"तुझा टॉवेल दे."

दिला. चौथीच्या बाईंनी मागितल्यावर कोण देणार नाही?

"आता दोन्ही हात पुढं कर. एका हातानं दुसऱ्याचं बोट धर."

मी धरलं. त्यांनी वरून टॉवेल टाकला आणि सभेकडं तोंड करून म्हणाल्या, "समितीच्या बाजूनं हा. गावाच्या बाजूनंही हाच. आता कर सौदा. पोरांच्या मैदानाची काय किंमत ठरते, आम्हाला बघू दे."

मागं पोरं खिदळली, मग सगळी सभा हसली. मी टॉवेलाखाली स्वतःचंच बोट धरून उभा. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं. ठराव पुढच्या सभेवर गेला आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तालुक्यात पोचला.

मी घरी येऊन ताट भिरकावलं. चोर ठरवलं मला, म्हणालो. ज्यांच्या दारात आयुष्यभर दूध घातलं त्यांनीच. बायकोनं ताट उचललं, भात गोळा केला आणि शांतपणे विचारलं, "उद्यापासून दूध बंद करू?"

मी म्हटलं, "राग माझा हाय, म्हशीचा न्हाई. तू नेऊन दे."

दूध जात राहिलं, लिंबं येत राहिली. मी त्या लिंबांना हात लावत नव्हतो. बायकोनं त्यांचं लोणचं घातलं. लोणचं मात्र मी खाल्लं.

त्याच रागात मी समितीचा राजीनामा दिला. एक खुर्ची फेकली म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील, एवढाच हिशेब. माझ्या जागी शेजारच्या गावचा एक शेळ्यांचा व्यापारी आला. तीस वर्षं जुना माझा वैरी, असा चिवट की पावसातसुद्धा रुपया सोडायचा नाही. मैदानाचा विषय घेऊन तो ग्रामपंचायतीत आला आणि आमचं दुपारभर भांडण चाललं. भाऊसाहेबांनी दोनदा पंखा वाढवला.

त्या भांडणात मी सहज विचारून गेलो, "मैदानच कशाला पायजे? ओढ्याकडची पट्टी सपाट करून घ्या की."

तो म्हणाला, "तिथं मुरूम लागंल लई."

"मग टाका मुरूम. समितीकडं मशीन न्हाई का?"

तो गप्प झाला. गप्प झालेला व्यापारी म्हणजे अर्धा सौदा, हे मला कळतं. पण तेव्हा मला आनंद झाला नाही. बाजारतळाजवळची ती ओढ्याकडची पट्टी मला आधीपासून माहीत होती. बाराही महिने मी तिच्यावरून जातो. मग संचालक असताना समितीला मी हे का विचारलं नाही? कारण मुरमाचा खर्च समितीला जड जाईल हे मला संचालक म्हणून ठाऊक होतं, म्हणून सरपंचानं तोंडच उघडलं नाही. आयुष्यात मी म्हशीच्या शेपटीचा गोंडासुद्धा मागून बघितल्याशिवाय सोडला नाही, आणि पोरांचं मैदान घासाघीस न करताच द्यायला निघालो होतो.

शेवटी गाड्या ओढ्याकडं गेल्या, हौदही तिकडंच झाला. मैदान राहिलं. शाळेची भिंत मात्र मिळाली नाही, वैऱ्यानं तेवढी दाबलीच.

हे कळूनही मी बाईंकडं गेलो नाही. त्यांचं बरोबर होतं म्हणून माझा अपमान खोटा ठरत नाही. नाताळ आला, गेला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बायको दवाखान्यात राहिली. मी पेट्रोल घालून गाडी दिली आणि ड्रायव्हर दिला.

मग मागच्या हिवाळ्यात बायकोचा गुडघा धरला. दूध न्यायला दुसरं कुणी नव्हतं. किटली घेऊन मीच गेलो. बाई दारात उन्हाला बसल्या होत्या, काळा चष्मा लावून, मांडीवर शाल घेऊन.

"कोण?"

"दूध."

"दीड वर्ष लागलं होय रे दुधाला यायला?"

मी उभाच राहिलो. ठरवून आलो होतो की काही बोलायचं नाही. पण माझं तोंड माझं कधी ऐकत नाही. म्हणालो, "तुमी मला गावात चोर ठरवलं."

"चोर म्हणायचं असतं तर चोर म्हटलं असतं. माझं म्हणणं होतं की तू सौदा केलाच नाहीस."

"एकट्याला बोलवून सांगायचं हुतं."

"एकट्यात तू मला गुंडाळलं असतंस. चौथीत गुंडाळायचास, आता तर सरपंच आहेस."

मी खाली पायरीवर बसलो. त्यांनी भिंतीचं काय झालं ते विचारलं. मिळाली नाही म्हटल्यावर, "तेवढी मागायला हवी होतीस नेटानं," असं म्हणून मोकळ्या झाल्या. मला हसू आलं, ते मी दाबलं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"राग कितीला देतोस?"

मी हात आत घातला. त्यांचा हात थंड होता, हाडं लागत होती. खडूनं झिजलेली ती दोन बोटं मला न बघता ओळखू आली. मी आकडा केला. त्यांनी डोकं हलवलं, माझं एक बोट सोडवलं. मी ते परत धरलं. त्यांनी पुन्हा सोडवलं. असं तीनचारदा झालं. मग त्यांनी माझा सगळा पंजाच धरला आणि सोडला नाही. ऊन पायरीवरून खाली सरकलं तरी आम्ही तसेच बसलो होतो. आत काय ठरलं ते सांगणार नाही, तो बाजाराचा नियम आहे. तोट्यात गेलो, एवढं लिहितो.

किटलीत लिंबं घेऊन घरी आलो. माझ्या तोंडाकडं बघूनच बायको म्हणाली, आता तरी तो व्हिडिओ मोबाईलमधून काढून टाका. मी काढला नाही. सगळा राग गेला असंही नाही, लोक हसतात तो भाग आला की अजून कान तापतात. पण त्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, बाई टेबलाशी येतात आणि मला नावानं हाक मारतात. ती चौथीच्या वर्गातली हाक आहे. तेवढं ऐकतो आणि बंद करतो.