काचेवरची नोटीस

समोरच्या लाँड्रीतल्या काकूंना मी तेवीस वर्षं ओळखतो. माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये रस्ता, पलीकडे त्यांची लाँड्री. बाई तोंडाने फटकळ, पण त्यांनी घातलेली घडी मोडायला जीव होत नसे. नवरा गेल्यावर दुकान एकटीने चालवलं, लेकीचं लग्न करून दिलं. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी फुकट वायफाय ठेवलं होतं. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला.

एका सकाळी त्या कागद घेऊन आल्या. "दोन प्रती काढ. आणि हे मेलं काय आहे, ते वाचून सांग."

वकिलाची नोटीस होती. काकूंच्या कनेक्शनवरून एक अश्लील सिनेमा चोरून डाउनलोड झाला म्हणे. पंधरा दिवसांत तडजोडीची रक्कम भरा, नाहीतर कोर्टात सिनेमाच्या नावासकट तुमचं नाव येईल. रक्कमही बेतून मागितलेली. लढायला वकील करावा, तर त्याहून जास्त खर्च.

वाचताना मी सिनेमाचं नाव गाळलं. काकूंनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं. "अगं बाई! एकसष्टाव्या वर्षी हे शिकवतायत मला!"

संध्याकाळी जावई धावत आले. "आई, भरून टाकू. चारचौघांत शोभा कशाला?"

"न केलेल्याचे पैसे भरले, की केल्यासारखंच झालं, जावईबापू."

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. त्या महिन्यात अशाच नोटिशीच्या प्रती मी आधी सात जणांना काढून दिल्या होत्या. कुणी कागद पालथा ठेवायचं, कुणी मला तोंड फिरवायला सांगायचं. गिऱ्हाइकाचे कागद बाहेर बोलायचे नाहीत, हा आमच्या धंद्याचा धर्म. तरी काकूंना एवढं सांगितलं, "तुम्ही एकट्या नाही. आणखी सात आहेत. नावं विचारू नका."

"विचारत नाही. आपण होऊन येतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नोटीस दुकानाच्या काचेला चिकटवली, सिनेमाच्या नावासकट. खाली जाड अक्षरांत लिहिलं: 'मी हे केलेलं नाही. एक पैसा देणार नाही. असं पत्र ज्यांना आलंय, त्यांनी आत यावं.'

लेक रडली. दोन-चार जुनी गिऱ्हाइकं तुटली. येणारे-जाणारे फिदीफिदी हसायचे. काकू इस्त्री फिरवत राहिल्या.

चौथ्या दिवशी एक निवृत्त मास्तर एकच शर्ट घेऊन आले.

"याला इस्त्री केलेलीच आहे की," काकू म्हणाल्या.

"हो," मास्तर खाली बघत म्हणाले. "मी... पत्राचं बोलायला आलोय. मी पैसे भरले हो. घाबरलो."

काकूंनी त्यांना स्टूल दिलं. पंधरवड्यात तसे नऊ जण जमले.

मुदत उलटली, तसे वकिलाने काकूंवर आणि पैसे न भरलेल्या इतरांवर दावे लावले. काकूंच्या तारखेला न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "डाउनलोड या बाईंनीच केलं, हे कशावरून?"

"कनेक्शन त्यांच्या नावावर आहे."

काकू उठल्या. "साहेब, माझ्या दुकानाच्या नळावर रस्त्यावरचं कुणीही पाणी पितं. पिऊन पुढे कुणाला शिवी दिली, तर ती माझी का?"

वकिलाने कागद आवरले. "आम्ही दावा मागे घेतो." कुणी उलट उभं राहिलं की सटकायचं, ही त्याची रीतच होती.

"माझ्यापुरता मागे घ्यायचा आणि बाकीच्यांना लुबाडायचं? मला नाही चालणार," काकू म्हणाल्या. "मागे नऊ माणसं बसलीत. त्यांच्यासमोर बोला."

नऊच्या नऊ जण उभे राहिले. त्यात मास्तरही.

आतापर्यंत पाठवलेल्या सगळ्या नोटिसा आणि सिनेमाचा मालक पुढच्या तारखेला हजर करायला न्यायाधीशांनी वकिलाला सांगितलं. त्या तारखेला मालक नाही, नोटिसा नाहीत, वकीलही नाही. दावे फेटाळले गेले आणि वकिलाची चौकशी लागली.

मास्तरांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. वकिलाची चौकशी चाललीय, त्या कचेरीत काकू दर महिन्याला त्यांना घेऊन जातात. परवा मीही सोबत होतो. कारकून मान वर न करता म्हणाला, "आजी, उद्या या."

काकूंनी पदर खोचला आणि समोरच्या बाकावर बसकण मारली. "साहेबांना आत निरोप दे. आज भेटल्याशिवाय आम्ही उठत नाही."

मास्तर त्यांच्या शेजारी बसले. मीही बसलो.