सुनेने व्हिडिओ फास्ट केला, तरी बायको त्यात थांबते

मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो. साचा थांबला म्हणजे धागा तुटला, नाहीतर वीज गेली, नाहीतर कोणीतरी झक मारली. उगाच काही थांबत नाही. भुताखेतांचं सोडा, गावचा राखणदार देवचारही मी कधी मानला नाही. तरी हे लिहितोय. शिक्षण चौथी, चुका सांभाळून घ्या.

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत तळमजल्यावर आमची खोली. मी, मुलगा आणि सून स्वाती. बायको गेल्या गणपतीनंतर गेली. तिचा एकच व्हिडिओ आहे, स्वातीने मोबाईलवर काढलेला. ही घावणे घालतेय, मी मोबाईलच्या मागे बसलोय. मध्येच वळून म्हणते, "बसलात काय? जेवून घ्या." आणि परत तव्याकडे.

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर — विंडोज काढून स्वातीने लिनक्स टाकलेला डबा — तो व्हिडिओ अडखळायचा. नेमका ती वळली की अडकायचा, तोंड माझ्याकडे. मला तेवढंच पाहिजे असायचं. सुटेपर्यंत चार गोष्टी सांगून घ्यायचो... नळाला पाणी नाही, शेजारीण पुन्हा भांडली.

स्वातीला वाटलं, म्हाताऱ्याला त्रास होतो. रविवारी बसून तिने कर्नलच्या सेटिंग बदलल्या.

"हा कर्नल कोण?"

"मशीनचा मुकादम, बाबा. कुठलं काम आधी, कुठलं मागून, तो ठरवतो. मेमरीतला माल सारखा डिस्कच्या गोदामात नेऊन टाकत होता. आता सांगितलंय, पडद्याचं काम पहिलं."

लावला. सरसर गेला. ती वळली, बोलली, तव्याकडे गेली.

"झकास ना?"

"वाट लावलीस. पहिल्यासारखं कर."

"सगळ्यांना फास्ट पाहिजे, तुम्हाला स्लो?"

"तिथे थांबायची गं ती."

स्वातीने घड्याळाकडे पाहिलं. म्हणाली, "उद्या ऑफिसातून आले की करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटा. ताट झाकून ठेवलेलं, इच्छा नव्हती. व्हिडिओ लावला. ती वळली, "जेवून घ्या" म्हणाली आणि थांबली. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं, माऊसचा बाण हलत होता. हीच तेवढी थांबलेली. सगळं सांगून झालं तरी हलेना.

म्हटलं, "जेवलो गं."

हलली नाही. माझं खोटं तिला कधी चाललं नाही.

शेवटी उठलो, ताट घेतलं, तिच्यासमोर बसून जेवलो. शेवटचा घास गिळला — आणि ती तव्याकडे वळली.

संध्याकाळी स्वातीने सगळं तपासलं. "अडकल्याची कुठे नोंदच नाही, बाबा." तिच्यासमोर लावला तर सरळ गेला.

"जुन्या सेटिंग टाकू परत?"

"नको. राहू दे."

आता जेवून लावला तर थांबत नाही. परवा मुद्दाम न जेवता लावला. थांबली. धागा कुठे तुटतो ते मला सापडलं नाही, स्वातीलाही नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

परवाही मी आधी गोष्टी सांगून घेतल्या. मग उठून पान वाढून घेतलं.