न पिणाऱ्याचं लिव्हर

नर्सच्या नोकरीत पगार काही साठला नाही, किस्से मात्र साठत गेले. त्यातून आमचा वॉर्ड लिव्हरचा. इथे पेशंटच्या आधी त्याची ख्याती पोचते : पितो!

हळर्णची एक आजी आली, लिव्हरमध्ये गाठ. लेक सांगून थकली, की आई चहाशिवाय काही घेत नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी आपुलकीनं विचारलं, "चहात काय घालता?"

"साखर," आजी म्हणाली, "तुका व्हया?"

*

मग सर्वणचे रामनाथ आले. डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली कळा, शौचाला डांबरासारखं काळं. वॉर्डबॉयनं लांबूनच निदान केलं : फेणी. बायको सुनंदा मान खाली घालून बसलेली.

स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत रक्त उतरतंय. गाठीनं उतरतं, तपासणीच्या सुईनं उतरतं, मार बसून लिव्हर आतून फाटलं तर आठवड्यांनीही उतरतं. कुठे पडला होता का? रामनाथ नाही म्हणाले.

सुनंदा पाणी आणायला गेली तसं त्यांनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, परसातल्या माडावरसून पडलंय. डॉक्टराक सांगा. पूण तिका नाका. तिका सोरो पितंय म्हणानच सांगा."

त्यांचा भाऊ पाडेली होता, नारळ पाडतानाच गेला. तेव्हापासून सुनंदानं यांना माडाला हात न लावण्याची शपथ घातलेली. मी डॉक्टरांना सांगितलं, आणि रामनाथना चांगलं झापलंही.

*

त्याच दुपारी त्यांना रक्ताची उलटी झाली. सुनंदानं तसराळं धरलं, हात जरासुद्धा हलला नाही. रामनाथना आत नेल्यावर मात्र तिनं माझा हात धरला तो सोडेचना. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन डॉक्टरांनी रक्त गळणारी फांदी बंद केली. निरोप आला तेव्हा आम्ही दोघी रडलो.

*

पुढे डाएटच्या मॅडम आल्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दारूवर लांबलचक भाषण दिलं. रामनाथनी बायकोसमोर शपथ घेतली, यापुढे थेंबही नाही. जन्मात थेंब न चाखलेला माणूस! सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. सुनंदानंही वाजवल्या.

*

डिस्चार्जच्या दिवशी रामनाथ खुशीत व्हीलचेअरवर बसले. सुनंदानं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हळूच म्हणाली,

"तुमचो कोयतो त्या दिसापासून माडाच्या शेंड्यारच आसा. पाडेल्याक सांगलंय काडूक. तुमी चडू नकात."